ग्लेबचा अचूक नेम

रशियातल्या एका गवताळ माळावर रणगाड्यांच्या सरावाचे मोठे मैदान होते. तिथे ग्लेब नावाचा एक रणगाडाप्रमुख होता. तो धाडसी होता आणि कामाला चोख होता. मात्र कुणी थांबायला सांगितलेले त्याला खपत नसे.

जुन्या रणगाड्यात त्याचा बराच वेळ अंदाज बांधण्यात जाई. लक्ष्य किती दूर आहे, वारा कुठून वाहतो आहे, हे ठरवून त्याचा तोपची, म्हणजे तोफ डागणारा, नझार तोफेची नळी वळवत असे. मग मैदानावर नवा रणगाडा आला. त्यातली यंत्रणा लेसरच्या किरणाने अंतर मोजायची. रणगाड्याच्या फिरत्या बुरुजावरच्या दांडीतून तिला वारा कळायचा. मग तिचा संगणक हिशेब करून नळी आपोआप वळवायचा. रणगाडा खाचखळग्यांतून धावत असला तरी नेम ढळत नसे. धुक्यात किंवा धुरात जे काही उबदार असेल, ते पडद्यावर पांढरे दिसे. एकदा पकडलेले लक्ष्य हलले तरी यंत्रणा त्याचा पाठलाग सोडत नसे.

ग्लेब हरखून गेला. "आता चुकायला जागाच उरली नाही," तो म्हणाला.

नझार वयाने मोठा होता. त्याने सवयीने एकदा दुर्बिणीतून मैदान पाहून घेतले.

सरावासाठी मैदानात प्लायवुडचे फळे लक्ष्य म्हणून उभे केलेले असत. ते पडद्यावर दिसावेत म्हणून त्यांच्यामागे विजेच्या तारा तापवलेल्या असत. काही फळे रुळांवरून सरकतही असत. तारा वरचेवर तुटत आणि त्या जोडायला प्रोखोर नावाचा कामगार मैदानात जाई. म्हणून एक नियम होता. प्रत्येक फेरीआधी रणगाडाप्रमुखाने रेडिओवरून टेहळणीच्या मनोऱ्याला विचारायचे, मैदान मोकळे आहे का. होकार आल्याशिवाय गोळा झाडायचा नाही.

हिवाळ्यात स्पर्धा लागली. जो सगळी लक्ष्ये सर्वांत लवकर पाडेल त्याला बढती मिळणार, अशी बोलवा होती. फेऱ्यांमधला वेळही मोजला जाणार होता.

त्या सकाळी दाट धुके पडले होते. पहिल्या फेरीत ग्लेबचा एकही गोळा चुकला नाही. दुसऱ्या फेरीआधी त्याने मनोऱ्याला विचारले. रेडिओवर नुसती खरखर ऐकू आली. त्याने पुन्हा विचारले. पुन्हा खरखर.

"पहिल्या फेरीला परवानगी मिळाली आहे. तीच धरायची," ग्लेब म्हणाला. "चल, नझार."

रणगाडा पुढे निघाला. पडद्यावर एक पांढरा ठिपका उमटला. यंत्रणेने तो पकडला, अंतर मोजले, नळी वळली.

नझारचे बोट तोफेच्या कळीवर थांबले. "साहेब, हे रुळावरचं लक्ष्य वाटत नाही. मध्येच थांबतंय, मध्येच खाली वाकतंय."

"यंत्रानं पकडलंय ना?"

"पकडलंय. पण मनोऱ्याचा होकार नाही. जरा थांबू या."

"इथे थांबलो तर दुसरा कुणीतरी जिंकेल. झाड गोळा."

"मी नाही झाडणार, साहेब."

ग्लेबच्या आसनापाशीही एक कळ होती. तोपची जखमी झाला तर प्रमुखाला तोफ चालवता यावी, म्हणून ती दिलेली होती. ग्लेबने ताबा स्वतःकडे घेतला आणि ती कळ दाबली.

सरावाच्या गोळ्यात स्फोटक नव्हते, पण तो लोखंडाचा होता. प्रोखोर तुटलेली तार जोडायला वाकला होता. गोळा त्याच्यावरच आदळला. मनोऱ्यावरचे लोक रेडिओवर 'थांबा, थांबा' असेच सांगत होते.

चौकशी बसली. साक्षीच्या आदल्या दिवशी ग्लेबने नझारला बाजूला घेतले. "यंत्रात बिघाड झाला, एवढंच सांग. यंत्राला कुणी तुरुंगात टाकत नाही."

"आणि प्रोखोरच्या घरी काय सांगायचं?" नझारने विचारले.

ग्लेब पाठ फिरवून निघून गेला.

चौकशीत नझारने घडले तसे सांगितले. ग्लेब मात्र बिघाडावर अडून बसला. तेव्हा अभियंत्यांनी यंत्रणा उघडून तपासली. अंतर बरोबर होते, वारा बरोबर होता, नेम बरोबर होता. कुठेही दोष निघाला नाही. ग्लेबचा हुद्दा गेला आणि त्याला कैद झाली.

काही आठवड्यांनी प्रोखोरची बायको अग्राफेना ग्लेबला भेटायला तुरुंगात आली. ती रडली नाही, रागावलीही नाही. गजांपलीकडे बसून ती म्हणाली, "मला एकच विचारायचं आहे. त्याला काही कळायला वेळ मिळाला का?"



"नाही," ग्लेब म्हणाला. "नेम अचूक होता."

अग्राफेनाने मान हलवली, डोक्याचा रुमाल नीट केला आणि ती निघून गेली.

तात्पर्य: हत्यार जितके अचूक, तितकी ते चालवणाऱ्याची जबाबदारी मोठी. जिथे थांबून विचारायला हवे तिथे जो थांबत नाही, त्याला आपला दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही.