कड्यामागचा वारा

मुलांनो, डोंगराळ मुलखातल्या एका उंच कड्यावर एक तरुण घार राहत असे. तिच्या वरच्या कपारीत एका गरुडाचे घरटे होते. गरुडही तरुणच होता. त्याच्या घरट्यात त्याची जोडीदारीण होती आणि नुकतीच दोन पिल्ले अंड्यांतून बाहेर आली होती. पश्चिमेचा वारा कड्यावर आपटून वर चढे आणि त्या वाऱ्यावर पंख पसरून हे दोघे शेजारी तासन्‌तास तरंगत असत. दोघांनाही उडण्याचे धडे दिले होते ते एका म्हाताऱ्या गिधाडाने.

ऊन तापले की हवा खवळते. अशा हवेत कधीकधी खालचा आधारच निघून जावा तसा एका बाजूचा पंख अचानक दुमडतो आणि पाखरू गरगरत त्याच बाजूला ओढले जाते. घारीवर ही वेळ पहिल्यांदा आली तेव्हा तिची पाचावर धारण बसली. ती जिवाच्या आकांताने पंख मारू लागली, तशी आणखीच कोसळू लागली. "फडफड थांबव!" वरून गिधाड ओरडले. "आधी दिशा धर. उघड्या पंखाकडे अंग झुकव. पण त्याच्यावर फार जोर देऊ नकोस, नाहीतर तोही दगा देईल. दुमडलेल्या पंखात हवा भरू दे!" घारीने मन घट्ट केले आणि सांगितले तसे केले. पंख फडकन उघडला. पण तोवर अर्धी दरी संपली होती.

घार कड्यावर येऊन बसली. गिधाड तिच्याजवळ उतरले. "पंख उघडेपर्यंत किती खाली आलीस, पाहिलेस ना? तेवढी हवा पायांखाली नसेल, तिथे जाऊच नकोस. आणि वारा जोराचा असेल तेव्हा कड्याच्या मागे तर मुळीच नको. ओढ्यातल्या खडकामागे पाणी कसे गरगरते? वारा तिथे तसाच लोळतो."

गरुडाला मात्र ही विद्या अशी काही साधली की तो खूप उंच जाऊन मुद्दाम एक पंख मिटून घेई आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुन्हा उघडून दाखवी. खालून पाहणाऱ्या घारीला त्याचा हेवा वाटे. तिला सावरायला नेहमीच उशीर लागे, म्हणून ती आपली उंचावरूनच फिरत राही आणि पुष्कळदा उपाशी राही.

त्या वर्षी कड्यासमोरचा सारा उतार वणव्यात जळाला. ससे पळून कड्याच्या मागच्या बाजूला गेले. एके दिवशी भर दुपारी गरुड घारीला म्हणाला, "मी मागच्या उतारावर जातोय. येतेस?"

"वारा केवढा सुटलाय बघ," घार म्हणाली. "संध्याकाळी पडेल. तेव्हा जाऊ."

"संध्याकाळपर्यंत माझे धाकटे पिल्लू टिकणार नाही."

"आणि पंख मिटला तर?"

"मिटू दे की. मला तो उघडता येतो."

घारही भुकेली होती. ती त्याच्यासोबत निघाली, पण कडा ओलांडताच हवा अंगाला हिसके देऊ लागली, तशी ती वरच राहिली. गरुड मात्र खाली खाली जात राहिला. खडकांमध्ये एक ससा दिसत होता. गरुड त्याच्यावर झेपावणार, एवढ्यात त्याचा उजवा पंख मिटला.

घारीने वरून सारे पाहिले. गरुड गडबडला नाही. त्याने एकदाही फडफड केली नाही. दिशा धरली, अंग डावीकडे झुकवले, डाव्या पंखावर लागेल तेवढाच जोर दिला. उजव्या पंखात हवा भरली. तो शेवटच्या पिसापर्यंत पसरला, उन्हात चमकला, आणि त्याच क्षणी गरुड खडकावर आदळला.

घारीच्या तोंडून किंकाळी फुटली. तिला खाली झेप घ्यावीशी वाटत होती, पण वारा तिच्याही पंखांना हिसके देत होता. ती वरच घिरट्या घालत राहिली. दिवस कलला, वारा पडला, तेव्हा कुठे ती त्याच्याजवळ उतरली. त्याचे अंग गार पडले होते. ससा केव्हाच निघून गेला होता.

घारीने वाटेत एक सरडा टिपला आणि ती गरुडाच्या घरट्याशी गेली. धाकट्या पिल्लाने मान टाकली होती. थोरले चोच उघडून ओरडत होते. तिने सरडा त्याच्यापुढे टाकला. गरुडाची जोडीदारीण घरट्याच्या काठावर आली. मग तिने विचारले, "कड्यामागे?"

"हो."

"पंख मिटला?"

"मिटला."

"पण त्याला तर उघडता येत होता! उघडला नाही का?"

"उघडला," घार म्हणाली. "खाली जमीन जवळ होती."

तात्पर्य : संकटातून सावरण्याचे कसब अंगी असले, तरी सावरायला पुरेशी जागा राखली नाही तर ते कसब वाया जाते.