पत्रावळीच्या पाठीवरच्या गोष्टी

कौतिकाच्या झोपडीत चूल पेटायची ती फक्त संध्याकाळी. घरात आई, नुकती चालायला लागलेली धाकटी बहीण ठमी आणि कौतिका, एवढीच माणसं. बाबा देवाघरी गेले होते. आईची बोटं सुजायची, काम व्हायचं नाही, म्हणून कौतिकाची शाळा सुटली ती सुटलीच. झोपडीमागे पळसाचं मोठ्ठं रान होतं. सकाळी रानातून पळसाची पानं खुडून आणायची, हिराच्या बारीक काड्यांनी ती एकमेकांना टोचायची आणि गोल गोल पत्रावळी करायच्या, यावरच त्यांचं पोट चालायचं.

पण पोर मोठी छांदिष्ट हं! लिहिण्याचं भारी वेड तिला. वही नाही, पेन्सिल नाही, मग बाई काय करायची? लहानखुरी, पिवळट पानं, जी पत्रावळीला कोणी घेत नाही, ती बाजूला काढायची आणि त्यांच्या मऊ मऊ पाठीवर बाभळीच्या काट्याने लिहायची. आधी काहीच दिसायचं नाही. थोड्या वेळाने एकेक अक्षर तपकिरी होऊन उमटायचं, तेव्हा तिला कोण आनंद व्हायचा! सुटी पानं वाळून गुंडाळतात, म्हणून ती पानंही ती पत्रावळीसारखी टोचून ठेवायची आणि वर पाट्याचा दगड ठेवायची. दगडाखालच्या त्या पत्रावळी तिच्या एकटीच्या होत्या.

तिला लांब लांब जायचं होतं. आपल्या नदीचं पाणी शेवटी जातं तो समुद्र बघायचा होता, आणि जे दिसेल ते सगळं लिहायचं होतं. पण जाणार कशी? काटा हातात घेतला की आई पाण्याला हाक मारायची. पाणी भरून बसलं की ठमी चुलीकडे दुडदुडत जायची. तिला उचलून आणलं की पत्रावळी न्यायला हैबतीकाकांची बैलगाडी दारात. हे हैबतीकाका म्हणजे किरकिर करण्यात पटाईत. एकेक पत्रावळ उन्हाला धरायचे आणि इथे भोक आहे, तिथे काडी सैल आहे, असं म्हणत चांगल्यातल्या चांगल्या पत्रावळी परत करायचे. कौतिका बिचारी खाली मान घालून ऐकून घ्यायची.

वैशाखातली एक सकाळ होती. पळसाचा बहर कधीच सरला होता. सगळं रान कोवळ्या, लखलखत्या पोपटी पानांनी भरून गेलं होतं. फक्त एका झाडावर केशरी फुलांचा एकच घोस उरला होता. त्या फांदीला ताटाएवढी पानं होती. कौतिकाने हात पुढे केला आणि तसाच थांबवला. एका फुलात कोणीतरी झोपलं होतं! अंगठ्याएवढं, इवलंसं. केशरी झगा, दवासारखे चमचमते पंख, आणि नाकावर ऊन आल्यामुळे नाजुकशा कपाळाला आठ्या.

तिला वाटलं, ही पानं खुडली तर हिच्यावर सगळंच ऊन येईल. मग तिने पानं तर खुडली नाहीतच, उलट कमरेला खोचलेली काडी काढून दोन पानं वरच्या वर एकमेकांना टोचली आणि फुलावर छानसं छप्पर केलं. सावली पडली. कपाळावरच्या आठ्या गेल्या. आणि मग एक मोठी जांभई आली.

ती होती पळसपरी. फुलं सरली की सगळ्या पळसपऱ्या निघून जातात, पण ही झोपाळू बाई मागेच राहिली होती. डोळे चोळत तिने छप्पर पाहिलं, टोचलेल्या काडीवर बोट फिरवलं आणि खुदकन हसली.

"एवढी मोठी पानं सोडून दिलीस माझ्यासाठी? आज तुझ्या पत्रावळी कमी होतील की गं," परी म्हणाली.

कौतिका म्हणाली, होऊ देत, तुमची झोप मोडली असती. परीला हे फार आवडलं. तिने विचारलं, तुला काय हवं? कौतिकाने लाजत लाजत सांगून टाकलं, की मला जग बघायचंय आणि लिहायचंय.

"नेईन की. म्हणशील तिथे नेईन," परी म्हणाली. "पण माझ्या जादूचे नियम आहेत, ते नीट ऐक. एका ठिकाणी एकदाच जाता येतं. जे बघशील ते सूर्य मावळायच्या आत लिहायचं, नाहीतर सगळं मनातून पुसलं जाईल. आणि कोणाची हाक ऐकू आली, की ओ द्यायची का नाही ते तू ठरव. ओ दिलीस, तर पान तिथून फिरेल आणि हाक मारणाऱ्यापाशी उतरेल. माझं हे शेवटचं फूल गळेपर्यंत मी आहे."

त्या दुपारी आई जरा आडवी झाली, आणि कौतिका पळसाच्या पानावर बसली. पान मोठं मोठं होत गेलं, होडीएवढं झालं आणि अलगद उडालं! कुठे गेली असेल? सावरीच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडत जातात ना, त्यांच्या गावाला. तिथे सगळ्या म्हाताऱ्या ढगांच्या ओट्यावर बसून आपले रेशमी, पांढरे शुभ्र केस विंचरत होत्या. प्रत्येकीच्या पोटात एकेक काळं बी. त्यातली एक म्हातारी कौतिकाला म्हणाली, वारा पडला की आम्ही कुठे जातो ते गुपित तुला सांगते, ये जवळ. आणि तेवढ्यात खालून आईची हाक आली, कौते, घोटभर पाणी दे गं. कौतिकाने एकदा म्हातारीकडे पाहिलं. मग ओ दिली.

तिने ते सगळं पानावर लिहिलं. शेवटी काय लिहिणार? 'आणि तेवढ्यात मला हाक आली,' एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती काजव्यांच्या गावी गेली. दिवसा काजवे आपापले दिवे घासून पुसून ठेवतात. हिरवे, सोनेरी, चांदीचे दिवे ओळीने वाळत घातलेले! काजव्यांचा राजा तिला दिव्यात उजेड भरायची विहीर दाखवायला निघाला, आणि ठमीने भोकाड पसरलं. झालं! परत ओ, परत घर, आणि पानावर परत तेच शेवटचं वाक्य. असं रोज व्हायला लागलं. दगडाखाली पत्रावळींची चळत वाढत गेली आणि प्रत्येक गोष्ट तेवढ्यात थांबलेली.

शेवटी परी म्हणाली, फूल आता उद्यापर्यंतच टिकेल. कौतिकाने समुद्र मागितला. आईला तिने सगळं खरं सांगितलं. आईला परीबिरी काही पटलं नाही, पण लेकीचे डोळे बघून तिला भरून आलं. ती म्हणाली, जा, आज घरात आग लागली तरी मी हाक मारणार नाही. ठमीला पोटाशी घेऊन ती दार लावून बसली.

पान नदीवरून निघालं. नदी आधी चिमुकली, निळी रेघ होती. मग तिला ओढे मिळाले, ती पसरली, हिरवी झाली, सोनेरी झाली. काठाला बगळे, मग माड, मग खारट वारा. कौतिकाने ओठ चाटले तर ओठ खारट! दूरवर काहीतरी घुमत होतं. परी म्हणाली, ते समोरचं वळण आलं की समुद्र. कौतिका पानाच्या टोकाशी सरकून पुढे वाकली.

आणि हाक आली. तिच्या नावाची नव्हतीच ती. कोणीतरी कण्हत म्हणत होतं, अरे, कोणी आहे का? आवाज ओळखीचा होता. हैबतीकाका!

"तुला नाही मारली हाक. तू ओ दिली नाहीस तरी तुला कोणी काही म्हणणार नाही," परी हळूच म्हणाली.

ते कौतिकालाही कळत होतं. वळण अगदी जवळ आलं होतं. एवढा एक क्षण, मग समुद्र दिसला असता, मग जन्मभर लिहिता आलं असतं. शिवाय हाक कोणाची, तर त्या किरकिऱ्या माणसाची! तिला रडू आलं. पण काकांचा आवाज पुन्हा आला, तो आधीपेक्षा बारीक होता.

"ओ," कौतिका म्हणाली.

पान फिरलं. ते उतरलं रानातल्या ओढ्यापाशी. हैबतीकाकांची गाडी कलंडून ओढ्याच्या डोहात गेली होती, आणि काकांचा पाय चाकाखाली अडकला होता. कौतिकाने आधी बैलांना जुवातून सोडलं. मग एक ओंडका चाकाखाली सारला आणि सगळा जीव एकवटून रेटला. चाक थोडंसं उचललं, काकांनी पाय ओढून घेतला. पाय सुजला होता, पण मोडला नव्हता.

काका मात्र पायाकडे बघेनातच. ते पाण्याकडे बघत होते. पत्रावळींचे सगळे गठ्ठे भिजून पानं सुटी होऊन तरंगत होती. पलीकडच्या गावात आज लग्न होतं. पंगत बसायची वेळ झाली होती, आणि वाढणार कशावर? एवढा करडा माणूस, पण लहान मुलासारखा रडायला लागला.

कौतिका धावत घरी गेली. आई आणि ती मिळून होत्या नव्हत्या तेवढ्या पत्रावळी गोळा करू लागल्या. तरी कमी पडत होत्या. कौतिकाने दगडाकडे पाहिलं. मग दगड बाजूला केला आणि आपली सगळी चळत उचलली. तिच्या मनात आलं, लिहिलंय तर पाठीवर, आणि जेवताना पत्रावळीची पाठ कोण बघतं? वरण-भात वाढतील, टाकून देतील, कोणाला काही कळणार नाही. आईने विचारलं, अगं, त्या तुझ्या आहेत ना? कौतिकाने गठ्ठा बांधला.

बैलांनी गाडी डोहातून वर ओढली आणि काका लंगडत ती घेऊन गेले, तोवर सूर्य मावळला होता. कौतिकाने नदीवरचा प्रवास आठवून पाहिला. बगळे आठवेनात, माड आठवेनात, खारट वाराही आठवेना. ती झाडापाशी गेली. केशरी फूल खाली गळून पडलं होतं आणि परी नव्हती. मग मात्र कौतिका झाडाला मिठी मारून खूप रडली. समुद्र गेला, गोष्टी गेल्या, परीसुद्धा गेली. वाईट वाटणारच की हो.

आणि तिकडे लग्नात काय गंमत झाली, ती दुसऱ्या दिवशी हैबतीकाकांनीच येऊन सांगितली. जेवून झालं की आपली पत्रावळ आपणच दुमडून उचलायची, अशी तिथली रीत. कौतिका हे साफ विसरली होती! पहिल्या पंगतीने पत्रावळी दुमडल्या आणि पाठी वर आल्या. एकाने वाचलं, दुसऱ्याने वाचलं, आणि अख्खी पंगत खरकट्या हातांनी बसून राहिली. म्हातारीचं पान कोणाकडे आहे? काजव्यांच्या राजाचं पुढे काय झालं? माणसं ओरडून ओरडून एकमेकांना विचारत होती. जिकडे तिकडे तेच, आणि तेवढ्यात मला हाक आली! दुसरी पंगत भुकेने कळवळत उभी, आचारी डाव आपटतोय, पण कोणी उठेल तर शपथ.

काकांच्या मागून एक उंच, उन्हाने रापलेला माणूस आत आला. तो नवऱ्या मुलाचा मामा, पोशा नाखवा. समुद्रकाठी राहणारा, स्वतःची मोठी होडी असलेला. त्याने विचारलं, पोरी, तू सगळीकडे गेलीस, मग समुद्राची गोष्ट कुठे आहे? माझ्या वाटच्या पत्रावळीवर तर नव्हती.

कौतिका म्हणाली, निघाले होते, पण हाक आली. कोणाची, ते तिने सांगितलं नाही. हैबतीकाकांना मात्र ते कळलं, कारण त्यांची मान खाली गेली.

"मग माझ्या होडीत बस," नाखवा म्हणाला. "होड्या पावसासाठी वर ओढायला अजून वेळ आहे. तुझ्या आईला घे, बहिणीला घे. आम्ही जाळं टाकून तासन्‌तास बसतो, तेव्हा गोष्टी सांग आम्हाला. हेच तुझं भाडं."

घरातलं काम कोण करणार, असं आई म्हणायला लागली, तर हैबतीकाका फतकल मारून बसले आणि पत्रावळ टोचायला लागले. पहिलीच पत्रावळ इतकी भोकाभोकांची झाली, की ठमीने तिच्यातून डोकं बाहेर काढलं. सगळे पोट धरधरून हसले, काकासुद्धा. त्यांनी कौतिकासाठी बाजारातून कोऱ्या वह्या आणल्या होत्या, त्या हळूच तिच्या मांडीवर ठेवल्या.

मग बैलगाडी, मग खाडी, मग नाखव्याची होडी. शीड भरलं, आणि होडी खाडीच्या तोंडातून बाहेर पडली. कौतिकाने डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडले तेव्हा डोलकाठीच्या टोकावर केशरी ठिपका चमकत होता.

"माझं पान तुला इथवर आणू शकलं नाही," पळसपरी म्हणाली. "तुझ्या पानांनी आणलं. इथे माझा कुठलाच नियम चालत नाही, राणी. सूर्य मावळू दे, हाका येऊ देत. हे तुझं तू मिळवलंयस, आता पुसलं जाणार नाही."

तिने पंख पसरले. त्यातून केशरी, गुलाबी, सोनेरी उजेड सांडला, पाण्यावर दूरपर्यंत लकाकत गेला, आणि त्या झगमगाटात परी दिसेनाशी झाली. ठमी टाळ्या वाजवायला लागली. आईने कौतिकाला जवळ ओढलं.

समुद्र कसा होता म्हणता? ते काही मी सांगणार नाही. कौतिकाने ते लिहिलंय, अगदी शेवटपर्यंत लिहिलंय, आणि ती माझ्यापेक्षा कितीतरी छान सांगते.