कानांचा चोर

"कानात बोळा सापडेल त्याचा हातोडा जप्त!"

हिंगणगडच्या तांबटआळीत ही दवंडी चार वेळा पिटावी लागली. पहिल्या तीन वेळा अर्ध्या आळीला ती ऐकूच आली नाही!

झालं होतं असं. रोज सकाळी गडावर नगारा वाजे. तो कानी पडला की प्रजेने हातातलं काम टाकून उठायचं आणि गडाकडे तोंड करून मुजरा घालायचा, असा राजा नौबतरावांचा दंडक. तांबट दिवसभर हंडे ठोकत. त्या ठणठणाटात कानांचं वाटोळं होऊ नये म्हणून ते मेणात भिजवलेले कापसाचे बोळे कानात घालून बसत. एके दिवशी नगारा वाजला, पाठोपाठ खुद्द महाराजांची पालखी आळीतून गेली, आणि एकही तांबट जागचा हलला नाही. महाराज संतापले. कारभारी त्र्यंबकपंत अशा वेळी आगीत तेल ओतायला नेहमीच हजर असत.

"सरकार, ते बोळे नव्हेत, बंड आहे बंड!"

झालं, बोळे बंद. हरबा तांबटाचे म्हातारे कान आधीच अधू, ते वर्षभरात पुरते कामातून गेले. आता त्याचा मुलगा नागू, ऐन तिशीतला गडी, चुलीपाशी बसूनही बायकोच्या हाकेला 'ओ' देईना. त्याची बायको तुळसा पदर खोचून तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, आमच्या घरात चोरी झाली. मामंजींचे कान गेले, आता घरधन्याचे चाललेत. बोळे परत द्या!"

"आवाजाने कोणी बहिरं होतं का?" महाराज हसले. "आम्ही रोज सज्जात बसून तुमची ठणठण ऐकतो. छान डुलकी लागते!"

"सज्जा अर्ध्या कोसावर आहे महाराज. हंडा मांडीवर असतो."

"सोंगं आहेत सगळी!" पंत कडाडले. "काम सांगा, ऐकू येत नाही. जेवायला बोलवा, लगेच ऐकू येतं!"

"जेवणाचा वास येतो, पंत," तुळसा म्हणाली. "त्याला कान लागत नाहीत."

दरबारात खसखस पिकली. महाराजांना मात्र ते काही रुचलं नाही. "चोरी झाली म्हणतेस ना? मग आठ दिवसांत चोर इथे हजर कर! नाहीतर तुमच्या घरचे हातोडे जप्त. आणि हो, दरबारात हातोड्याचा एकही घाव पडता कामा नये. आमचं डोकं दुखतं!"

आठव्या दिवशी तुळसा आली. बरोबर हरबासकट आळीतले सहा जुने कारागीर, सातवा नागू, आणि दोन नवे हंडे. हंडा तयार झाला की तांबट त्यावर टिचकी मारून कान लावतो. चांगला हंडा टण्ण वाजतो, चीर गेलेला बद्द. तिने दोन्हींवर टिचकी मारली.

"दुसरा फुटका!" चवरी ढाळणारा न विचारताच बोलून गेला.

मग हरबाची पाळी. पन्नास वर्षं हंडे घडवलेल्या त्या म्हाताऱ्याने टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, "दोन्ही नामी!"

"सोंग!" पंत ओरडले.

तुळसाने सातही जणांना सिंहासनाकडे पाठ करून उभं केलं आणि महाराजांपाशी जाऊन हळूच काही सांगितलं. महाराजांच्या मिशीत हसू आलं. ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जो हात वर करील, त्याला आमच्या गळ्यातला मोत्यांचा कंठा!"

सगळ्या दरबाराचे हात वर! सरदार, शास्त्री, भालदार, झाडून सगळे. सर्वांत पहिला आणि सर्वांत उंच हात त्र्यंबकपंतांचा!

सहा म्हातारे दारावरची कबुतरं बघत राहिले. तुळसाची नजर सातव्यावर होती. निदान नागूचा हात वर जाईल, ही तिची वेडी आशा. तो तसाच उभा राहिला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

महाराज गंभीर झाले. "चोरी झाली, मान्य. पण चोर कुठे आहे?"

तुळसाने डोळे पुसले आणि कमरेचा कागद काढून सिंहासनापुढे टाकला. आळीतल्या लिंबावर चिकटवलेला बोळेबंदीचा हुकूम!

"हा घ्या! कानांच्या दारावर आम्ही मेणाचे पहारेकरी बसवले होते, ते यानेच हाकलले. इतके दिवस सापडत का नव्हता म्हणाल, तर याच्या अंगावर आपलीच मोहर आहे. धरायची कुणाची छाती होईल?"

मग महाराज असे खदखदून हसले की मुकुट वाकडा झाला. "पकडला गं पकडला! फाडा तो हुकूम! मेण आणि कापूस आमच्या कोठारातून. दुपारनंतर हातोडा बंद, मजुरी पूर्ण दिवसाची!"

"आणि नगाऱ्याचा मुजरा, सरकार?" पंतांनी कंठ्याकडे बघत विचारलं. "शिवाय हात पहिला माझाच..."

"शब्द म्हणजे शब्द! कंठा तुमचा," महाराज म्हणाले. "पण एवढे तिखट कान गडावर वाया जातात, पंत. उद्यापासून तुमची कचेरी हरबाच्या दुकानात. बोळ्यांशिवाय बसा, नगारा ऐका आणि सगळ्या आळीच्या वतीने मुजरा घाला!"

तिसऱ्या दिवशी पंत तुळसाच्या दारात आले. डोळे तारवटलेले, पागोटं कानांवर ओढलेलं.

"तुळसाबाई, हा कंठा घ्या, पण दोन बोळे द्या!"

ही बातमी गडावर पोहोचली तेव्हा महाराजांचं हसणं आळीपर्यंत ऐकू आलं म्हणतात. नागूला ते ऐकू आलं नाही. मोत्यांचा कंठा गळ्यात मिरवत तुळसाने त्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं, आणि मग तोही पोट धरून हसला.