धोंडोपंतांची उंची

त्या राज्यात पाणी खाली होतं, प्राणी वर होते आणि मध्ये कातळ होता.

विहीर वीस हात खणून झाली तेव्हा हा कातळ लागला. पहारी वाकल्या, शिंगं बोथटली, कातळावर साधा ओरखडाही उठेना. तळ्यात डबकंभर पाणी उरलेलं. मग ठरलं, की विहिरीवर तीन लाकडांचं तिकाटणं उभं करायचं, त्याला कप्पी लावायची, एक जडशीळ धोंडा दोरानं वर चढवायचा आणि द्यायचा सोडून. कातळ फुटलाच पाहिजे.

धोंडा बांधावर पडलेला होताच. आजवर सरडे त्याच्यावर बसून ऊन खात. त्याचं मत कोणी विचारलं नव्हतं.

त्या राज्यात दोर दातात धरायची रीत होती, म्हणजे काम करताना कोणी बडबड करत नाही. बैलानं दोर दातात धरला आणि एका दमात धोंडा दहा हात वर नेला. भिवा गाढवानंही तो तेवढाच वर नेला असता, फक्त दुपार झाली असती. पण टाळ्या दमाला पडतात. बैलाच्या गळ्यात हार पडला, तो सावलीत जाऊन बसला आणि दोर भिवाच्या दातात आला.

गंमत धोंड्याची झाली. जसजसा वर गेला तसतसा त्याचा मान वाढत गेला. गुडघ्यापर्यंत आला तेव्हा तो धोंडू होता, खांद्याच्या वर गेला तसा धोंडोबा झाला आणि कप्पीला टेकला तेव्हा सगळे नकळत धोंडोपंत म्हणू लागले.

"चल भिवादादा, सोड आता!" शेवंता शेळी ओरडली. तिचं करडू दोन दिवस तहानलेलं होतं.

"थांबा," धोंडोपंत वरून म्हणाले. "माझ्या अंगात हा जो जोर आलाय ना, तो या उंचीचा आहे. खाली आलो की संपला. असा जोर कोणी उधळतं का? योग्य वेळ आली की मीच सांगेन."

बोलणं सगळ्यांना पटलं. इतक्या वरून आलेलं बोलणं न पटून सांगतं कोणाला?

"मग दोर खुंटाला तरी बांधू," शेवंता म्हणाली.

"खुंटाला निष्ठा नसते," धोंडोपंत म्हणाले. "भिवाला आहे."

भिवाच्या तोंडात दोर होता. तो काही बोलला नाही, म्हणजे त्याची संमती आहे असं सगळ्यांनी धरलं.

तीन दिवस तो तसाच उभा राहिला. धोंडोपंत रोज सकाळी खोलीचं महत्त्व समजावून सांगत. शेवंता भिवाच्या वाट्याचं पाणी करवंटीत आणून दोराच्या कडेनं त्याच्या तोंडात सोडी. अर्धं झालं की तो ओठ मिटून घेई. उरलेलं अर्धं करडाला जाई. करडू त्याच्यावरच जगत होतं.

चौथ्या दिवशी डबक्यात चिखल दिसू लागला, आणि कोणाचं पाणी तोडायचं ते ठरवायला बगळेशास्त्री आले. एका पायावर उभं राहून त्यांनी दोरावरची गाठ न्याहाळली.

"काम करील त्याला पाणी," ते म्हणाले. "बैलानं धोंडोपंतांना दहा हात वर चढवलं, ते काम झालं. तेच आता धोंडोपंतांच्या ठायी साठून आहे. भिवानं दोर किती हलवला? बोटभरही नाही. जोर लावला, मान्य. पण हललं काय? तेव्हा शास्त्राप्रमाणे भिवाचं काम शून्य. तो करतो ते खुंटही करील, आणि खुंट पाणी मागत नाही."

शास्त्र खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

"अहो शास्त्रीबुवा, त्याचे पाय बघा की! कसे लटलट कापतायत!" शेवंता म्हणाली.

"कापण्याला शास्त्रात जागा नाही, बाई."

भिवाला फार वाईट वाटलं. तहान त्यानं सोसली असती. पण ते शून्य त्याच्या जिव्हारी लागलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, आता करडाचं काय?

कोणाचंही पाणी तोडण्याआधी त्याचं म्हणणं ऐकावं, असा त्या राज्याचा नियम होता. शास्त्री नियमाला पक्के.

"भिवा, तुझं काही म्हणणं आहे?"

जन्मात त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

काय होणार ते सर्वांत आधी धोंडोपंतांना कळलं. "अहो, त्याला विचारू नका! कोणीतरी त्याला—"

"हो, आहे," भिवा म्हणाला.

पंत कप्पीपाशीच राहिलं, बा काठाशी गळालं आणि कातळावर आदळला तो नुसता धोंडा. कातळ तडकला. आधी गढूळ धार उसळली, मग नितळ पाणी, आणि दुपारपर्यंत ते चढत चढत काठाशी आलं.

आधी करडू प्यालं, मग शेवंता, मग भिवानं मान खाली घातली.

"अरे, तुझं म्हणणं राहिलंच की," शास्त्री काठावरून म्हणाले.

भिवाचं तोंड पाण्यात होतं. विहिरीच्या तळातून, धोंडा पडला होता तिथून, बुडबुडे एकसारखे वर येत होते, आणि टाळ्यांसाठी थांबावं तसे मधूनच थांबत होते. बुडबुडा आला की भिवा तो फुटू देई आणि मग पुढचा घोट घेई.