झिपरीची शेंग आणि दोन कंप्रेसर

एक होती खार. तिचं नाव झिपरी.
झुपकेदार शेपटीची, म्हणून झिपरी.

झिपरीचं घर चिंचेच्या ढोलीत. ढोलीत तीन पिल्लं.

"आई, भूक!" पहिलं म्हणालं.
"आई, भूक!" दुसरं म्हणालं.
तिसरं नुसतंच रडलं. ते सगळ्यात छोटं होतं.

"आलेच हं," झिपरी म्हणाली. आणि निघाली.

सुर्र सुर्र, टुण्! सुर्र सुर्र, टुण्!

रानातला भुईमूग काढून झाला होता. शेंगा घरात गेल्या होत्या. झिपरीने इथे हुंगलं. तिथे हुंगलं. माती उकरली. खर्र खर्र. खर्र खर्र.
आणि काय सापडलं?
एक शेंग! चांगली लांबलचक शेंग!
झिपरीने ती कानाशी हलवली.
खुळ खुळ खुळ!
आत तीन दाणे!

तीन पिल्लं, तीन दाणे. याला एक, त्याला एक आणि रडणाऱ्याला एक.

झिपरी शेंग घेऊन परत निघाली. वाटेत तात्यांची गाडी उभी होती. गाडीला दोन रबरी चाकं. गाडीत हिरवागार मका, गाईसाठी. झिपरीने शेंग चाकापाशी ठेवली. जरा कान खाजवला. खस् खस् खस्.

एवढ्यात काय झालं?
फुस्स्स्स्!
चाकातली हवा गेली. चाक बसलं खाली. आणि कशावर बसलं?
झिपरीच्या शेंगेवर!

शेंग मऊ मातीत रुतली. तिचं एवढंसं टोक तेवढं दिसत राहिलं. झिपरीने ओढलं. हूं! निघेना. पुन्हा ओढलं. हूंऽऽ! निघेना.

झिपरी म्हणाली,
"चाका, चाका, ऊठ ना!
माझी शेंग सुटत नाही,
पिल्लं माझी उपाशी!"

चाक म्हणालं, "नाही जा! माझ्यात हवाच नाही. कंप्रेसर हवा भरेल, तर मी उठेन."

झिपरीचं शेपूट फुललं. फर्रर्र!
"चिक् चिक् चिक्! हा कुठला न्याय? बसलंस तू, आणि धावायचं मी?"

पण करते काय? गेली.

सुर्र सुर्र, टुण्! सुर्र सुर्र, टुण्!

तात्यांच्या ओट्यावर दोन कंप्रेसर होते. कंप्रेसर म्हणजे हवा भरायचं यंत्र. ते पोटात हवा साठवतं आणि नळीतून सोडतं. दुकानदार म्हणाला होता, "तात्या, दोन्ही घेऊन जा. घरी चालवून बघा. एक ठेवा, एक परत आणा."

एक होता मोठा. निळा. रांजणाएवढा.
एक होता छोटा. लाल. कळशीएवढा. तो स्वस्तातला होता.

झिपरी म्हणाली,
"कंप्रेसरदादा, हवा भरा ना!
चाक उठत नाही,
माझी शेंग सुटत नाही,
पिल्लं माझी उपाशी!"

मोठा म्हणाला, "मी? मी एवढा मोठा! मला मोठी वीज लागते. त्या एवढ्याशा चाकाला मी हवा भरू? हॅट्!"
आणि त्याने तोंड फिरवलं.

छोटा म्हणाला, "मी भरेन. मला जमेल. पण मला कोणी चालवूनच बघत नाही. तात्या बटण दाबतील, तर मी हवा भरेन."

झिपरीचं शेपूट फुललं. फर्रर्र!
"चिक् चिक् चिक्! हा कुठला न्याय? एक नुसताच मोठा, आणि एक नुसताच बसलेला!"

पण करते काय? गेली.

सुर्र सुर्र, टुण्! सुर्र सुर्र, टुण्!

तात्या पायरीवर बसले होते. हनुवटीवर हात. ते मोठ्याकडे बघत. मग छोट्याकडे बघत. परत मोठ्याकडे बघत.

झिपरी म्हणाली,
"तात्या, तात्या, बटण दाबा ना!
कंप्रेसर हवा भरत नाही,
चाक उठत नाही,
माझी शेंग सुटत नाही,
पिल्लं माझी उपाशी!"

तात्या म्हणाले, "कुठलं बटण दाबू गं? मोठ्याचं की छोट्याचं? सकाळपासून चहा नाही. चहाशिवाय माझं डोकं चालत नाही. आक्का चहा करेल, तर मी बटण दाबेन."

झिपरीचं शेपूट फुललं. फर्रर्र!
"चिक् चिक् चिक्! हा कुठला न्याय? बोट तुमच्या हाताला आणि अडलं चहावाचून?"

पण करते काय? गेली.

सुर्र सुर्र, टुण्! सुर्र सुर्र, टुण्!

आक्का चुलीपाशी होत्या. त्या आतूनच ओरडत होत्या, "अहो, निवडा की एक! सकाळपासून बसलाय. अंडी उबवताय का?"

तात्या बाहेरून म्हणाले, "अगं, मोठा दारात असला की पाहुणे बघत राहतील!"

"हवा पाहुण्यांना भरायचीय की गाडीला?" आक्का म्हणाल्या.

तात्या परत मोठ्याकडे बघू लागले.

झिपरी म्हणाली,
"आक्का, आक्का, चहा करा ना!
तात्या बटण दाबत नाहीत,
कंप्रेसर हवा भरत नाही,
चाक उठत नाही,
माझी शेंग सुटत नाही,
पिल्लं माझी उपाशी!"

आक्का म्हणाल्या, "आधण ठेवलंय गं बाई. साखर घातली, पत्ती घातली. पण दूध कुठाय? गाय दूध देईल, तर मी चहा करेन."

झिपरीचं शेपूट फुललं. फर्रर्र!
"चिक् चिक् चिक्! हा कुठला न्याय? पाणी उकळतंय इथे आणि पिल्लं रडतायत तिथे!"

पण करते काय? गेली.

सुर्र सुर्र, टुण्! सुर्र सुर्र, टुण्!

गोठ्यात गाय होती. तिचं नाव कपिली. कपिलीजवळ तिचं वासरू होतं.

झिपरी म्हणाली,
"गाई, गाई, दूध दे ना!
आक्का चहा करत नाहीत,
तात्या बटण दाबत नाहीत,
कंप्रेसर हवा भरत नाही,
चाक उठत नाही,
माझी शेंग सुटत नाही,
पिल्लं माझी उपाशी!"

गाय म्हणाली, "हंबाऽऽ! सकाळपासून पोटात काडी नाही. वासराला पाजलं, आता उरलं नाही. चारा येईल, तर मी दूध देईन."

झिपरीचं शेपूट फुललं. फर्रर्र!
"चिक् चिक् चिक्! हा कुठला न्याय? चारा तो काय समोर गाडीत आहे!"

"मला दावं आहे गं," गाय म्हणाली. "मी कशी जाऊ?"

हे मात्र खरं होतं. झिपरी गेली.

सुर्र सुर्र, टुण्! सुर्र सुर्र, टुण्!

गाडीवर चढली. मका आरामात पडला होता. हिरवा हिरवा, गार गार.

झिपरी म्हणाली,
"चाऱ्या, चाऱ्या, चल ना!
गाय दूध देत नाही,
आक्का चहा करत नाहीत,
तात्या बटण दाबत नाहीत,
कंप्रेसर हवा भरत नाही,
चाक उठत नाही,
माझी शेंग सुटत नाही,
पिल्लं माझी उपाशी!"

चारा म्हणाला, "मी गाडीत. गाडी चाकावर. चाक उठेल, तर मी येईन."

काय?
चाक?
झिपरीने वाकून खाली बघितलं. खाली तेच चाक. चाकाखाली तीच शेंग. शेंगेचं तेच एवढंसं टोक.

झिपरी खाली उतरली. या वेळी हळूच.

"चाका, चाका, ऊठ ना!
चारा येत नाही,
गाय दूध देत नाही,
आक्का चहा करत नाहीत,
तात्या बटण दाबत नाहीत,
कंप्रेसर हवा भरत नाही..."

"हो ना," चाक म्हणालं. "कंप्रेसर हवा भरेल, तर मी उठेन."

आता मात्र झिपरीचं शेपूट असं फुललं, असं फुललं, की झिपरी दिसेना आणि शेपूटच दिसू लागलं.
फर्रर्रर्रर्र!

"चिक् चिक् चिक् चिक् चिक्!
चाक म्हणतं, हा येईल तर!
हा म्हणतो, तो येईल तर!
तो म्हणतो, ती देईल तर!
सगळे नुसते तर, तर, तर!
'मी करतो' असं कोणीच म्हणत नाही!
चूक माझी का? भूक माझ्या पिल्लांना का?"

ढोलीतून आवाज आला. "आई, भूक!" "आई, भूक!" तिसरं आता रडतही नव्हतं.

झिपरीने ढोलीकडे बघितलं.
मग म्हणाली, "मी करते."

चढली गाडीवर. मक्याचं एक पान दातात धरलं.
चारा म्हणाला, "अगं, मी येणार नाही म्हटलं ना!"
"तू नको येऊस," झिपरी म्हणाली. "मी नेते."

आणि तिने ओढलं.
सर्र, खस्. सर्र, खस्.
पान मोठं, झिपरी छोटी. पान पुढे, झिपरी मागे. मग झिपरी पुढे, पान मागे. सर्र, खस्. सर्र, खस्. गोठ्यापर्यंत!

गाय म्हणाली, "एवढंसंच?"
"एवढंसंच," झिपरी म्हणाली. "खा. आणखी आणते."

आणलं दुसरं पान. सर्र, खस्.
आणलं तिसरं पान. सर्र, खस्.
चौथं. पाचवं. झिपरी धापा टाकू लागली. हं हं. हं हं.

गाईने खाल्लं. कुरुम कुरुम. कुरुम कुरुम. मग तिने झिपरीकडे बघितलं.
"तीन पिल्लं ना गं तुझी?"
"तीन."
"मला एकच आहे, तरी ते उपाशी राहिलं की माझा जीव जातो. हाक मार आक्कांना. पेलाभर देईन मी."

मग काय!

आक्का पेला घेऊन आल्या. चुर्र चुर्र. चुर्र चुर्र. गाईने दूध दिलं.
आक्कांनी चहा केला. बुडबुड, बुडबुड.
तात्यांनी चहा बशीत ओतला. फुर्रर्र करून प्यायले.

"हां! आता डोकं चाललं!" तात्या म्हणाले.

आणि त्यांनी बटण दाबलं. कोणाचं?
मोठ्याचं!

घूंऽऽऽ... घूंऽऽ... घूं... ठप्प!

घरातला दिवा मिणमिणला. मोठा बंद पडला.
"मला मोठी वीज लागते, म्हटलं ना!" मोठा म्हणाला. "तुमच्या घरची पुरत नाही मला. हॅट्!"

तात्यांनी पुन्हा दाबलं.
घूंऽऽ... ठप्प!

झिपरी ओट्यावर नाचू लागली. "चिक् चिक् चिक्! छोट्याचं दाबा ना! छोट्याचं दाबा!"

"याचं?" तात्या म्हणाले. "हा एवढासा. शिवाय स्वस्तातला. याला जमतंय होय?"

आक्का दारात उभ्या होत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "चहा कसा झालाय?"
"फक्कड झालाय."
"त्यातलं दूध गाईचं. गाईचा चारा कोणी आणला, ठाऊक आहे? या एवढ्याशा खारीने. एकेक पान ओढून."

तात्यांनी बशीकडे बघितलं. झिपरीकडे बघितलं. तिच्या मिशीला अजून मक्याचा तुकडा चिकटला होता.
मग छोट्याकडे बघितलं.
आणि बटण दाबलं.

टर्र टर्र टर्र टर्र!

छोटा चालू! दिवा मिणमिणला नाही. काही नाही.

टर्र टर्र टर्र टर्र!

तात्यांनी लांब नळी चाकाला लावली. हवा निघाली. फुस् फुस् फुस्! चाकात शिरली.

"अं..." चाक म्हणालं.
फुस् फुस् फुस्!
"अंऽऽ... आलं आलं!"
फुस् फुस् फुस्!
"उठलो!"

चारा आला,
गाईचं पोट भरलं,
आक्कांनी आणखी चहा केला,
तात्यांनी छोटा निवडला,
छोट्याने हवा भरली,
चाक उठलं,
झिपरीची शेंग सुटली!

झिपरीने शेंग उचलली. माती झटकली. फुटली तर नाही? कानाशी धरली. हलवली.
खुळ खुळ खुळ!
तीन! अगदी तीन!

तेवढ्यात तात्यांनी मोठ्या कंप्रेसरला उचलून गाडीत ठेवलं. दुकानात परत द्यायला. मोठा गाडीत बसला. गाडी चाकावर. आणि चाकात हवा कोणाची?
छोट्याची!
मोठा वाटेत काहीच बोलला नाही. 'हॅट्' सुद्धा नाही.

झिपरी निघाली. पण जाता जाता वळली. चाकाकडे बघून तिने शेपूट फुलवलं. फर्रर्र!
"पुन्हा माझ्या शेंगेवर बसलंस, तर..."

"तर?" चाकाने घाबरून विचारलं.

"तर बिर काही नाही!" झिपरी म्हणाली. "बसायचंच नाही!"

सुर्र सुर्र, टुण्! सुर्र सुर्र, टुण्!

गेली ढोलीत. शेंग फोडली. कट्ट!
पहिल्याला एक दाणा. कुट् कुट्.
दुसऱ्याला एक दाणा. कुट् कुट्.
आणि तिसऱ्याला, रडून रडून थकलेल्याला, सगळ्यात मोठा दाणा. कुट् कुट् कुट् कुट्.

शेंग फुटली, भूक मिटली.
दाणे त्यांनी खाल्ले, टरफल तेवढं तुमच्या हातात. बघा वाजतंय का!