काहून

“...मग तो उजेड वाटेत कुणाला भेटतच नाही?” अचलबुवांनी विचारलं.

डॉ. निशिकांत पाटणकरांना हसू आलं. डोंगरावरच्या या मठात ते दीक्षा मागायला आले होते आणि बुवा त्यांच्याच विषयात नाक खुपसत होते.

“भेटतो ना. विश्वाच्या अगदी बालपणी निघालेला उजेड तो. वाटेत दीर्घिकांचे समूह लागतात. त्यांच्यातल्या तापलेल्या वायूतून गेला की किंचित बदलतो. आमच्या आकाशाच्या नकाशावर तिथे पुसटसा डाग उमटतो.”

“आणि समूह फार लांब असला, दिसतच नसला तर?”

“तरी डाग असतोच. त्यावरून तर मी ते समूह शोधले.”

“वा! आणि तुम्ही शिकलात कुणाकडे?”

“कुणाकडेच नाही. स्वतःच्या हिमतीवर.” हे वाक्य आता त्यांना तोंडपाठ झालं होतं.

“मग परत जा. मी तुम्हाला शिष्य करून घेणार नाही.”

“काहून?”

बुवांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही तर कोकणातले. घरात कुणी वऱ्हाडातलं?”

“नाही.”

“मग हा ‘काहून’ कुठून आला?”

डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं.

“ढोमणे मास्तर...” ते कसंबसं म्हणाले. “वऱ्हाडातून आमच्या शाळेत आले होते. गणिताची एकेक पायरी मांडली की विचारायचे, काहून? कारण सांगितल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाहीत.”

“आहेत?”

“आहेत. गेल्या महिन्यात गावानं माझा सत्कार केला. मास्तर काठी टेकत आले, पहिल्या रांगेत बसले. आणि मी माइकवर म्हणालो, मला कुणी शिकवलं नाही...”

“मग?”

“मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी.”

शरमेनं निशिकांतांना मान वर करवेना. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

“नाव काय म्हणालात त्यांचं?”

“ढोमणे मास्तर.”

बुवांनी डोळे मिटले आणि स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला. आपल्या गुरूचं नाव निघालं की लावतात, तसा.

“बुवा, ते... ते तुमचे गुरू कसे?”

“मग मघापासून तुमच्या तोंडून मला शिकवतंय कोण?”