मोरदऱ्याची न मोडणारी भाकरी

शांतवन महाराजांनी त्या वर्षीचा ईस्टरआधीचा उपवासकाळ मोरदऱ्यात काढला. मोरदरा म्हणजे नगरकडचं, डोंगराच्या कुशीतलं गाव. गावाच्या एका अंगाला ख्रिस्ती वस्ती, वस्तीच्या टोकाला तिचं कौलारू देऊळ, म्हणजे चर्च, देवळापुढे चिंच. महाराज मूळचे दीक्षा घेतलेले पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू. पण पाळकाचा बंगला, त्यातला शिपाई आणि शिपायाची भांडणं सोडून ते एकतारी घेऊन निघाले, ते पुन्हा कुठल्या बंगल्यात गेले नाहीत. खांद्यावर घोंगडी, झोळीत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. गावोगाव प्रभूचं कीर्तन करायचं, भाकरी मिळेल तिथे खायची, ओसरी मिळेल तिथे निजायचं. लोकांनी त्यांना महाराज म्हणायला कधी सुरुवात केली हे कोणाला आठवत नाही. महाराजांना ते कधीच आवडलं नाही, आणि लोकांनी कधीच ऐकलं नाही.

मोरदऱ्याच्या मंडळीचे वडील, म्हणजे देवळाचे कारभारी, होते एज्रा त्रिभुवन मास्तर. शाळेतून ते हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते, पण शिकवण्यातून नाही. या मास्तरांचा पश्चात्ताप पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. थट्टा नाही, खरंच प्रसिद्ध होता! मोरदऱ्यात रीत अशी की ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येकाने देवळात उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे आपण कुठे चुकलो आणि कसे वळलो ते सांगायचं. मास्तरांच्या साक्षीला शेजारच्या गावांतून लोक येत. तरुणपणी मास्तर शहरात होते, तिथे त्यांनी दारू प्यायली, पत्ते खेळले, एका पैलवानाशी मारामारी केली आणि मग एका पुलावर त्यांना प्रभूने हाक मारली. दरवर्षी पैलवान थोडा मोठा होई आणि पूल थोडा उंच. पुलाशी आले की मास्तरांचा कंठ दाटे, बाया डोळ्यांना पदर लावत आणि मागच्या रांगेतला कोणीतरी नकळत "वा!" म्हणून जाई.

त्या वर्षी मास्तरांची साक्ष झाली आणि पाठोपाठ तबीथाबाईची पाळी आली. तबीथाबाई वाळलेल्या अंगाची, पन्नाशीची बाई. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "देवा, माझं चुकलं. मला पदरात घे." आणि खाली बसली.

"झालं?" मास्तर म्हणाले.

"व्हय मास्तर."

"काय चुकलं, कधी चुकलं, कसं चुकलं? काही तपशील? अगं, तू देवाला साक्ष देतेस का तार पाठवतेस? शब्दाला पैसे पडतात का इथे?"

देऊळ हसलं. तबीथाबाईही कसनुशी हसली, कारण सगळे हसताना आपण एकट्याने गंभीर राहणं तिला उद्धटपणाचं वाटलं.

"दरवर्षी हेच," मास्तर मंडळीकडे वळून म्हणाले. "आणि हिच्या हातची भाकरी आपण प्रभुभोजनाला घेतो! जिला आपलं पाप सांगता येत नाही, तिने प्रभूची भाकरी का थापावी? या ईस्टरची थापू दे. पुढच्या वेळेपासून आमच्या सूनबाई करतील."

आता हे समजून घेतलं पाहिजे की मोरदऱ्यात प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत सर्वांनी मिळून भाकरी आणि रस घेण्याच्या विधीला, शहरातल्यासारखा पाव नसे. एकच भाकरी असे, परातीएवढी, बिनमिठाची. ती तबीथाबाई पहाटे उपाशीपोटी थापायची. पाळकांनी तिच्यावर आशीर्वाद मागायचा, मंडळीच्या वडिलांनी ती मोडायची आणि तुकडा तुकडा सर्वांनी घ्यायचा, अशी तिथली रीत. तबीथाबाईला गाता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं, साक्ष तर येत नव्हतीच. देवळात तिची म्हणून एवढी एकच गोष्ट होती. तीही गेली.

त्या संध्याकाळी महाराजांचं जेवण मास्तरांकडे होतं. वाढणी चालू असताना मास्तरांनी पदर घेतल्याची नक्कल केली आणि बारीक आवाजात म्हणाले, "देवा, माझं चुकलं!" पंगत हसली. महाराजही हसले.

दुसऱ्या दिवशी, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, महाराजांचं कीर्तन झालं. विषय पश्चात्तापाचाच. महाराज म्हणाले, "बाबांनो, नगरला जायचं म्हणून तुम्ही बसलात आणि एसटी निघाली संगमनेरला. आता काय कराल? चुकलं चुकलं म्हणून सीटवर बसून रडाल? खुशाल रडा! कितीही गोड रडलात तरी गाडी संगमनेरलाच जाणार. उतरायला लागतं. ऊन असलं तरी उतरायला लागतं, चार लोक हसले तरी उतरायला लागतं. प्रभू तुमचं रडणं ऐकायला थांबलेला नाही रे, तो उलट्या वाटेवर तुमची वाट बघत उभा आहे."

"वा!" मास्तर म्हणाले. हे कोणाकोणाला लागू पडतं ते त्यांना लगेच कळलं होतं. त्यांनी त्या सर्वांकडे एकेक करून पाहिलंही.

शनिवारी सकाळी महाराज उतरले होते त्या देवळाच्या ओसरीशी तबीथाबाई येऊन उभी राहिली.

"म्हाराज, भाकरीचं काय न्हाई. सूनबाई चांगल्या करत्यात. पण उद्याच्याला ही माझी शेवटची. तेवढी तरी आमच्या माणसानं माझ्यासंगं आत बसून खावी. तुमी त्यास्नी आत आणा."

"कुठे असतात ते?"

तिने चिंचेकडे बोट केलं. महाराजांनी तो माणूस रोज पाहिला होता. उपासना सुरू झाली की तो चिंचेखालच्या दगडावर येऊन बसे, देवळाकडे पाठ करून. गाणी सुरू झाली की त्याची बोटं गुडघ्यावर ठेका धरत. आशीर्वाद झाला की उठून जाई.

मग तिने सांगितलं ते असं. तिचा नवरा आमोस हा एके काळी देवळात ढोलकी वाजवायचा. त्यांना उशिरा एक मूल झालं आणि चालायला लागण्याआधीच तापाने गेलं. त्या वर्षी साक्षीच्या आठवड्यात आमोस उभा राहिला आणि खरं तेच बोलला, की मी देवावर रागावलोय, मला प्रार्थना होत नाही. मास्तर म्हणाले, एवढ्याने भागणार नाही, आधीचं सांग. आमोसने आठवून आठवून सांगितलं, की लग्नाच्या वरातीत वाजवायला जायचो तेव्हा कधीमधी प्यायचो. तेव्हा मास्तर सगळ्या मंडळीपुढे म्हणाले, "बघा! देवाने मूल का नेलं ते आता कळलं."

"मग त्यांनी ढोलकी खाली ठिवली," तबीथाबाई म्हणाली, "आन् भायेर गेले. त्ये अजून आले न्हाईत."

महाराज म्हणाले, "बाई, मी त्यांना आत आणू शकत नाही. ज्याने बाहेर घातलं त्यानेच आणलं पाहिजे. तू भाकरी कर. मी प्रार्थना करतो."

ईस्टरची सकाळ उजाडली. देऊळ झेंडूने सजलं होतं. नव्या लुगड्यांचा आणि नीळ घातलेल्या सदऱ्यांचा वास भरून राहिला होता. मास्तरांनी काळा कोट घातला होता. नगरकडच्या एप्रिलात काळा कोट घालणं हाही एक प्रकारचा उपवासच! पांढऱ्या रुमालाखाली भाकरी, शेजारी मनुकांच्या रसाचा प्याला. महाराजांनी आशीर्वाद मागितला. मास्तर पुढे झाले, त्यांनी भाकरी उचलली आणि मोडली.

म्हणजे मोडायला गेले. भाकरी मोडेना.

मास्तरांनी बोटं सरकवून पुन्हा जोर केला. मग कडेला धरलं. मग मंडळीकडे पाठ करून भाकरी मेजाच्या कोपऱ्यावर टेकवली आणि कोटासकट तिच्यावर भार दिला. भाकरीला चीर गेली नाही. मेज तेवढं कुरकुरलं.

मास्तर लाल होऊन वळले. "तबीथे! पीठ मळलंस का सिमेंट? प्रभूच्या मेजावर फरशी आणून ठेवतेस?"

काही लोक हसले. तबीथाबाई उभी राहिली. "मऊ व्हती मास्तर. देवाशप्पत मऊ व्हती. माझ्या हातात व्हती तवा मऊ व्हती."

"शपथ घेते आणखी! महाराज, हे बघा तुम्हीच."

महाराजांनी भाकरी हातात घेतली. हाताला ती मऊ लागली, जरा कोमटही होती. त्यांनी ती मोडायला घेतली, आणि त्यांच्याच्यानेही मोडवेना! साक्षात महाराजांना मोडवेना म्हटल्यावर हसणाऱ्यांनी तोंडं मिटली.

महाराजांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले तेव्हा ते किंचित ओशाळलेले दिसले. भाकरी मेजावर ठेवून ते थेट तबीथाबाईपुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, गुरुवारी जेवताना तुझी नक्कल झाली आणि मी हसलो. यजमानाला वाईट वाटू नये म्हणून हसलो, आणि दुसऱ्या दिवशी पश्चात्तापावर कीर्तन केलं. मला क्षमा कर."

तबीथाबाईला धरणी दुभंगावी असं झालं. "आवं म्हाराज, असं काय करता! हसला तर हसला. केली माफी, केली!"

महाराज परतले, त्यांनी भाकरीची कड धरली आणि तुकडा अलगद हातात आला. तो त्यांनी तबीथाबाईला दिला; तिने तो न खाता पदरात धरून ठेवला. उरलेली भाकरी त्यांनी मास्तरांपुढे धरली.

मास्तर चाणाक्ष होते. रोख त्यांच्या लक्षात आला. मंडळीपुढे उभे राहून त्यांनी डोळे मिटले आणि साक्ष सुरू केली. दारू आली, पत्ते आले, पैलवान आला. पूल आला. पुलावर त्यांचा आवाज असा दाटून आला की तसा आजवर कधी आला नव्हता. मग त्यांनी भाकरी मोडून पाहिली, आणि ती मोडली नाही. तेव्हा मास्तरांनी पूर्वी कधी न सांगितलेली एक चोरीही सांगितली. भाकरीवर तिचाही काही परिणाम झाला नाही.

"मास्तर," महाराज हळूच म्हणाले, "ती चोरी तुम्ही केली होती?"

मास्तरांनी मान खाली घातली. "नाही."

"मग जे केलंय तेच सांगा. आणि आम्हाला सांगू नका. आम्ही तुमचं काय करणार? बाहेर कोण बसलंय बघा."

दार उघडं होतं. दारातून चिंच दिसत होती आणि चिंचेखाली एक पाठ. मास्तरांनी त्या पाठीकडे पाहिलं. सगळं देऊळ त्यांच्याकडे पाहत होतं, आणि प्रथमच त्यांना तसं पाहिलेलं नको होतं. दारापर्यंत अंतर ते किती! पण ते चालताना मास्तर म्हातारे झाल्यासारखे दिसले. भाकरी दोन्ही हातांत धरून ते उन्हात उतरले.

आमोसने पावलं ऐकली, वळून पाहिलं आणि सवयीने उठायला लागला.

"मास्तर, एवढ्या उन्हाचं कशापाय?"

मास्तर म्हणाले, "आमोस, तुझ्या लेकराबद्दल मी बोललो, ते खोटं होतं. देवाने मला तसं काही सांगितलं नव्हतं. मी माझंच बोललो आणि देवाच्या नावावर खपवलं."

आमोस पुन्हा दगडावर टेकला. देवळाच्या दारात माणसं दाटली होती.

"घरी गेल्यावर त्याच दिवशी मला कळलं होतं," मास्तर म्हणाले. "पण मग तुझ्या दारी यावं लागलं असतं. ते टाळण्यासाठी मी बाकीचं सगळं सांगत राहिलो."

"त्याचं नाव ठावं हाय का तुमाला?" आमोसने विचारलं.

कितीतरी पोरांची नावं मास्तरांना पाठ होती, हे एक नव्हतं.

"बेन्यामीन," आमोस म्हणाला. "घ्या की नाव."

"बेन्यामीन," मास्तर म्हणाले आणि रडले. ते रडणं अगदी वाईट होतं, नाक गळत होतं, आवाज चिरकत होता. असं रडणं कोणी शेजारच्या गावाहून ऐकायला आलं नसतं.

आमोस म्हणाला, "मास्तर, माफ केलं आसं तोंडातून निघंना अजून. उगा खोटं कशाला बोलू? पर तुमी आलात ह्ये बरं झालं. आन् तिनं रातीपास्नं कायबी खाल्लं न्हाई, मीबी न्हाई. द्या हिकडं."

त्याने मास्तरांच्या हातातल्या भाकरीला हात लावला, आणि ती भाकरी, भाविकहो, ताज्या लोण्यासारखी मोडली! अर्धी आमोसच्या हातात आली, अर्धी मास्तरांच्या हातात राहिली. तबीथाबाई दारातून धावत आली. महाराज रसाचा प्याला घेऊन सावकाश आले आणि दगडाशेजारी मातीत मांडी घालून बसले. ते बाहेर बसले म्हटल्यावर मंडळीला आत काय काम! त्या वर्षी मोरदऱ्याचं प्रभुभोजन चिंचेखाली झालं. सूनबाईंनी स्वतः होऊन सांगून टाकलं की भाकरी पुढेही तबीथामावशीच करतील, आपल्याने एवढी मोठी थापवत नाही.

मास्तरांनी काळा कोट काढून बाजूला ठेवला, खाली वाकले आणि आमोसच्या पायांवर डोकं टेकवलं. हेडमास्तर पायाशी आल्यावर काय करायचं असतं हे आमोसला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने गडबडीने पाय मागे घेतले, मास्तरांच्या दंडाला धरलं आणि म्हणाला, "उठा मास्तर, मुंग्या हायेत हितं."

पण मास्तर लवकर उठले नाहीत.